साबणाचे वैरी

मळाची इतकी काळजी घेणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्या लेकीचा सासरा निघाला. लोक त्यांना वेडे म्हणतात. मीही म्हणत होते, आणि तोंडावर म्हणत होते. पण आता दुसऱ्या कुणी म्हटलं तर मी ऐकून घेत नाही. तो हक्क मी माझ्यापुरता ठेवला आहे.

व्याही सातपूरच्या एका कारखान्यात टर्नर होते. निवृत्त झाल्यावर पुरुष देवधर्माला लागतात, नाहीतर सुनेच्या फोडणीत नाक घालतात. यांनी हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी आणली, तिच्यात मासे सोडले, आणि त्या दिवसापासून त्या घरातली माणसं दुय्यम झाली. टाकीत दोन स्पंज असतात. किटलीएवढे, काळेकुट्ट, मधून नळी गेलेली. पंप हवा सोडतो, नळीतून बुडबुडे वर जातात आणि टाकीतलं पाणी स्पंजातून ओढलं जाऊन गाळलं जातं. म्हणजे ही गाळणीच झाली. आता गाळणी मळली की माणूस काय करतो? घासतो. व्याही घासत नाहीत. पंधरा दिवसांनी एका रविवारी एकच स्पंज काढतात, दुसऱ्याची पाळी पुढच्या खेपेला. आधी टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं. मग पाण्यातच स्पंजाखाली प्लास्टिकची पिशवी धरायची, म्हणजे उचलताना घाण टाकीत सांडत नाही. मग तो बादलीतल्या पाण्यात दाबायचा. पिळायचा नाही, दाबायचा, तान्ह्या बाळाचे हातपाय दाबावेत तसा. चार-पाचदा दाबला, पाणी चहासारखं झालं, की पुरे. स्पंज काळा तो काळाच. ते पाणी गच्चीवरच्या कढीपत्त्याला जातं, आणि तो कढीपत्ता एवढा माजला आहे की सगळी गल्ली त्याच्यावर फोडण्या देते. मी पहिल्यांदा हे धुणं पाहिलं तेव्हा म्हटलं, "अहो, आमच्याकडे गोठ्यातलं पोतं याच्याहून स्वच्छ निघतं." ते म्हणाले, "विहीणबाई, यात बिऱ्हाड हाय. डोळ्याला दिसत नाय असले जीव. माशाची घाण ते खातात म्हणून मासा जगतो. नळाच्या पाण्यात पावडर असती, ती लागली की बिऱ्हाड खलास." चौथी शिकलेल्या बाईला काहीही सांगितलं तरी खपतं, असं यांना वाटतंय, असं मला वाटलं.

त्या बादलीची तर वेगळीच कथा. जावयाने एकदा तिच्यात मोजे भिजवले. साबणाच्या पाण्यात. व्याह्यांनी ती बादली भंगारवाल्याला दिली, नवी आणली आणि सायकलची साखळी घालून गच्चीवरच्या नळाला कुलूपबंद केली. किल्ली करगोट्याला. चोराने घर धुऊन नेलं असतं तरी बादली राहिली असती. पंपाचा आवाज त्यांना झोपेतही कळतो. घरात सत्यनारायण होता, कथा निम्म्यावर आलेली, आणि हे पाटावरून उठले. भटजी पळी धरून बसलेले. हे टाकीला कान लावून आले, नळी हलवून आले, आणि पुन्हा बसत म्हणाले, "चालू द्या. दम लागला होता त्याला." सातपूरच्या जुन्या सोबत्याने टाकी घेतली तेव्हा यांनी आपल्या टाकीतला एक मळका, गळका स्पंज डब्यात घालून, वर नारळ ठेवून त्याला नेऊन दिला. लोक मिठाई देतात.

जावयाला त्या जागी मोठा टीव्ही हवा होता. बापाला सरळ नाही म्हणवत नाही, म्हणून त्याने सांगून ठेवलं होतं, "अप्पा, मासे जगतायत तोवर ठीक. ज्या दिवशी मरायला लागले, त्या दिवशी टाकी घराबाहेर." व्याह्यांनी तेही कबूल केलं होतं. त्यांना आपल्या हातावर भरवसा होता. माझ्या हाताचा हिशेब त्यांनी धरला नव्हता.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नाशकात झालं आणि महिनाभर लेकीकडे राहावं लागलं. आमच्या गावी, नामपूरला, भावकीत कुजबुज झाली, लेकीच्या सासरी पडून राहिली म्हणून. मी म्हटलं, कुजबुजा. पण आतून मलाही खात होतं. लेकीच्या घरचं फुकट खाऊ नये हे आमच्या हाडात बसलेलं. म्हणून जरा बरं वाटायला लागल्यावर मी रोज त्या घरातलं एक काहीतरी घासायला घेतलं. आज ओटा, उद्या खिडक्यांच्या जाळ्या, परवा देवाची भांडी. लेक ओरडायची, मी ऐकायची नाही. तिसऱ्या आठवड्यात घासायला काही उरलं नाही, आणि व्याही विंचूरला एका लग्नाला गेले.

मी दोन्ही स्पंज काढले. एक धुऊन दुसरा तसाच ठेवायचा आळशीपणा माझ्यात नाही. भांड्याचा साबण, ब्रश, नळाचं धो धो पाणी. काय घाण निघाली! आतून चक्क निळे निघाले. गच्चीवर कडक उन्हात वाळवले आणि दुपारी परत बसवले. मनात म्हटलं, आता कळेल यांना धुणं कशाला म्हणतात.

संध्याकाळी व्याही आले, लग्नातली टोपी डोक्यावर तशीच. टाकीकडे बघितलं आणि स्टुलावर बसले. पाण्यावर फेस, मासे वर येऊन तोंडं उघडतायत. "विहीणबाई, साबण लावला?"

"लावला. दोन्हीला."

"ऊन पण दिलं?"

"मग ओलेच ठेवू?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही उलट दोन सुनावल्या असत्या. ते हळूच म्हणाले, "तुमी विरजणाचं भांडं उकळत्या पाण्यानं धुतलं बघा. आता दही लागणार नाय." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बिऱ्हाड नाही समजलं, विरजण समजलं.

पिंपात साठवून पावडर उडालेलं पाणी होतं, त्याने निम्मी टाकी बदलली आणि टोपी न काढता ते स्कूटरवर सातपूरला गेले. मघाशी सांगितलेल्या सोबत्याकडून तोच काळा स्पंज डब्यात घेऊन आले. दोन दिवस ते टाकीजवळून हलले नाहीत. अकरा माशांतले तीन गेले. तिसरा गेला त्या सकाळी जावई हॉलमध्ये उभा राहिला. "अप्पा, काय ठरलं होतं?"

व्याही म्हणाले, "हां. माझ्याच हातून झालं. नळाचं पाणी पडलं. ने टाकी."

मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. या माणसाने माशांसाठी सत्यनारायण थांबवला होता, आणि माझी लेकीच्या घरात शोभा होऊ नये म्हणून ती टाकी सोडून देत होता. पिठाचे हात घेऊन मी बाहेर आले. "खोटं बोलतायत. मी धुतले. साबण लावून, ब्रशने."

लेक म्हणाली, "आई, तू गप बस ना."

"का गप बसू? चूक माझी, आणि काढायची टाकी? मग मलाच काढा. जावईबापू, पिशवी भरायला मला पाच मिनिटं लागतात."

जावयापुढे सासूने असं बोलायचं नसतं. जावई म्हणजे दहावा ग्रह. पण त्या दिवशी मला सगळे ग्रह सारखेच होते. जावई एकदा माझ्याकडे, एकदा बापाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "भाकरी करपतेय, आई." एवढंच. टाकी जागेवर राहिली. व्याही दिवसभर टाकीचंच बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "तुमाला खोटं बोलता येत नाय, हा लय मोठा दोष हाय."

याला दोन वर्षं झाली. आता व्याह्यांचे हात थरथरतात. स्पंज धरवत नाही. परवा लेकीचा फोन आला, तर म्हणाली, रविवारी जावईच बादली घेऊन बसतो, आणि अप्पा स्टुलावरून ओरडतात, "पिळू नको रे, दाब!" मग मध्येच विसरतात, हा स्पंज आजचा की मागच्या खेपेचा. ते ऐकून मी म्हटलं, "मी येते चार दिवस."

"का गं? डोळा दुखतोय का पुन्हा?"

"काही दुखत नाही," मी म्हटलं. "नुसती येते."