विशाखाताईंचा न वाचलेला प्रबंध

विशाखाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोकरदनच्या कोर्टात त्यांच्याच कामात वेळ मागून नुकताच बाहेर आलो होतो. "मॅडम येतच आहेत," असं जजसाहेबांना सांगितलं होतं. फोनवर त्यांचे मिस्टर होते, शाळेतून निवृत्त झालेले आमचे गुरुजी. म्हणाले, "किशोर, विशाखा गेली रे. कोर्टात निघाली व्हती, दारातच खाली बसली..." आदल्या दिवशी ताई संभाजीनगरला जाऊन आल्या होत्या, एलएल.एम.च्या प्रबंधावर मार्गदर्शकांची सही घ्यायला. सही मिळाली नव्हती. आता दोन महिने होत आले. वकील संघातले मित्र म्हणतात, रागात लिहू नको. पण राग उतरायची वाट पाहिली तर हे लिहून होणार नाही.

मी अकरा वर्षं ताईंचा ज्युनिअर. मी शेतकऱ्याच्या घरातला, ताई बौद्ध वस्तीतल्या मास्तरांची मुलगी. त्यांच्याकडे जायला लागलो तेव्हा आमच्या घरी विचारलं गेलं, "दुसरा वकील भेटला न्हाई का?" त्या प्रश्नाचा अर्थ मला कळला होता, तरी न कळल्यासारखं केलं. ताईंनाही तो कधीतरी कळलाच असणार. त्यांनी मला शिकवताना मात्र हातचं काही राखलं नाही. पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "पक्षकार बोलून राह्यला की लिहीत बसू नको. आधी त्याच्याकडं बघ."

एलएल.एम.चं वेड त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका हरलेल्या केसमुळे. माझ्याच गावच्या, माझ्याच भावकीतल्या गंगूकाकू त्यात साक्षीदार होत्या. शेजारच्या सुनेला नवऱ्यानं काठीनं मारलं, हात मोडला. काकू तेव्हा समोरच्या दारात उभ्या होत्या. सुनेच्या बाजूनं ताई आणि मी सरकारी वकिलांना मदत करत होतो. उलटतपासात काकूंना विचारलं, "तुम्ही स्वतः मारताना पाहिलं नाही, बरोबर?" काकू फणकारल्या, "म्या पाह्यलं न्हाई का मंग? दारातच तर व्हते." आमच्याकडचं कोणतंही लहान लेकरू सांगेल याचा अर्थ काय: पाहिलं म्हणजे पाहिलंच. कागदावर आलं, 'हे म्हणणे खरे आहे की, मी स्वतः मारताना पाहिले नाही.' साक्ष वाचून दाखवल्याची नोंद झाली, काकूंनी अंगठा लावला. मी तिथंच बसलो होतो, माझ्या कानावरूनही ते निसटून गेलं. नवरा सुटला. अपिलातही तेच एक वाक्य आडवं आलं. निकालाची नक्कल हातात आली तेव्हा ताईंनी त्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. मग म्हणाल्या, "किशोर, बाई खरं बोलली. तिचं खरं आपल्यादेखत खोटं झालं, आन् आपण पेन चघळत बसलो."

एकोणपन्नासाव्या वर्षी त्यांनी एलएल.एम.ला प्रवेश घेतला. वर्गातली मुलं त्यांच्या लेकीच्या वयाची. भोकरदनहून एसटीनं जायचं, तास करायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोर्टात उभं राहायचं. सगळे पेपर पहिल्या झटक्यात सुटले. प्रबंधाचा विषय होता साक्षीदाराची बोली आणि न्यायालयाची नोंद. भोकरदनपासून अंबडपर्यंत त्या जुन्या साक्षीदारांना भेटल्या. काय बोललात आणि काय लिहिलं गेलं, हे समोरासमोर मांडलं. तिसरं प्रकरण अख्खं गंगूकाकूंच्या साक्षीवर होतं.

मार्गदर्शक म्हणाले, हा कायद्याचा विषय नाही, भाषेचा आहे. ताईंनी पुराव्याच्या कायद्याची कलमं काढून दाखवली. मग म्हणाले, त्या कपाटावर ठेवा, वाचतो. चार महिन्यांनी ताई पुन्हा त्यांच्याकडे गेल्या तेव्हा गठ्ठा त्याच कपाटावर होता, ताईंनी लाल फितीला मारलेली दुहेरी गाठ जशीच्या तशी. ताई म्हणाल्या, "सर, उघडलाच नाही." त्यावर त्या विद्वान माणसानं जे उत्तर दिलं ते मी इथं मुद्दाम लिहितो. "तुमच्या लोकांना जिकडं तिकडं अन्यायच दिसतो." ताईंनी शांतपणे सांगितलं, "सर, तिसऱ्या प्रकरणातली बाई तुमच्या लोकांतली आहे. उघडलं असतं तर दिसलं असतं." त्यानंतर सहा खेपा झाल्या. साहेब मीटिंगमध्ये, साहेब बाहेरगावी, साहेबांचा मूड नाही. त्या माणसानं ताईंना मारलं असं मी म्हणणार नाही, त्यांचं हृदय आधीच कमजोर होतं. पण ताईंच्या आयुष्यातलं शेवटचं दीड वर्ष त्यानं दाराबाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, आणि त्याबद्दल त्याला कुणी एका शब्दानं विचारणार नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. तोंडी परीक्षेची तारीख ठरली आहे, उमेदवारानं स्वतः हजर राहावं. म्हणजे सही झाली होती, ताई गेल्यावर. गुरुजी आणि मी त्या तारखेला गेलो. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "उमेदवार कुठंयत?" गुरुजी म्हणाले, "वारल्या." तो बिचारा रजिस्टर उलटंपालटं करत राहिला. "मंग गैरहजर लिहावं लागंल, गुरुजी. दुसरा रकानाच न्हाई." मार्गदर्शक आतून बाहेर आले, हात जोडले, फार अभ्यासू बाई होत्या म्हणाले. गुरुजींनी आवाज न चढवता विचारलं, "सर, तुम्ही वाचला का तो?" साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. आमच्यादेखत रजिस्टरात 'गैरहजर' लिहिलं गेलं. ज्या बाईनं चुकीच्या नोंदींवर सगळी ताकद घातली, तिच्याबद्दलची शेवटची नोंद ही अशी.

ताईंचं ऑफिस मी रोज उघडतो. प्रबंधाची एक प्रत टेबलावर असते. मागच्या सोमवारी गंगूकाकू बाजाराला आल्या होत्या, पिशवी दाराशी ठेवून आत आल्या. म्हणाल्या, "बाईनं माझं काय लिव्हलं ते वाच बरं." मी तिसरं प्रकरण काढलं. प्रश्न वाचला, त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत वाचलं, मग कोर्टाच्या कागदावरचं वाक्य वाचलं. त्या वाक्याला काकूंनी मान हलवली, नाही म्हणून. नंतर ताईंनी लावलेला अर्थ वाचला. काकू डोळ्यांना पदर लावून ऐकत होत्या.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. "हेच म्हणले व्हते म्या. पुना वाच."

मी पुन्हा वाचलं.