गुलाबी कागदावरची जोडी

मी तिसरीपर्यंत शिकलो. पुढचं वाचन मला बैलांनी शिकवलं, म्हणजे बैलांच्या मासिकानं. म्हणून मी बोलतो आमच्या झाडीपट्टीतलं आणि लिहितो त्या मासिकातलं. कोणाला हसायचं असेल तर त्यानं हसावं.

त्या मासिकात शंकरपटाशिवाय दुसरं काही नसायचं. धान निघालं की आमच्याकडे गावोगाव पट भरतो, बैलजोड्या पळतात, आणि कोणती जोडी कशी पळाली यावर पुढचा पट येईपर्यंत माणसं भांडतात. हे सगळं भांडण चंद्रपूरचा एक माणूस दर महिन्याला छापून पाठवायचा. पातळसं, पिना मारलेलं. कुरखेड्याच्या अलीकडच्या आमच्या गावात पोस्टमन आला आणि मी शेतात असलो, तर तो बांधावरूनच आवाज द्यायचा, "भाऊ, तुमचे बैल आले." खूर कसा पाहावा, वशिंड कसं पाहावं, पटाच्या आधी बैलांना सरकीची ढेप, म्हणजे पेंड, केव्हा बंद करावी, असे लेख असायचे. एक लेख मला चार संध्याकाळी पुरायचा. 'सातत्य' हा शब्द मी तिथंच शिकलो आणि ग्रामपंचायतीत एकदा वापरला. सरपंचानं विषय बदलला.

शेवटच्या पानावर 'वाचकांची जोडी' असायची. दर महिन्याला एका जोडीचा फोटो आणि खाली चार ओळी. आमच्या गावात हा मान एकालाच मिळाला होता, तो आमच्या पटकमिटीच्या अध्यक्षाला. त्याचं शेत माझ्या शेताला लागून. त्यानं ते पान काचेत बसवून ओसरीत टांगलं होतं. घरी आलेल्याला आधी पान दाखवायचा, मग पाणी विचारायचा.

माझी जोडी त्याच्या जोडीपेक्षा चांगली होती. हे मी आजही म्हणतो, आणि तो वर गेला म्हणून त्यात बदल करणार नाही. पांढरा डाव्या अंगाला, काळा उजव्या अंगाला. दोघंही माझ्याच गोठ्यात वासरं असल्यापासूनचे. पण एका साली शेवटच्या पटात पांढऱ्याचा पुढचा पाय खड्ड्यात गेला आणि खांदा उतरला. नांगराला हळूहळू चालेल, पळणार मात्र नाही, असं जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं. पटाची जोडी म्हणून ती तिथंच संपली. तेव्हा मी ठरवलं, काळ्याला दुसरा जोडीदार लावायच्या आधी या दोघांचा फोटो त्या शेवटच्या पानावर आला पाहिजे.

वडशाहून फोटोवाला आणला. फोटो पाहणाऱ्यालाही पांढरा डावीकडेच दिसावा असे दोघांना उभे केले. पांढरा उभा राहीना. शेवटी बायको ढेपेची टोपली घेऊन बाजूला उभी राहिली, तेव्हा त्यानं मान वर केली. फोटो चांगला आला, फक्त कोपऱ्यात बांगड्यांचा एक हात आणि अर्धी टोपली आली.

बायको म्हणाली, "बैलायसाठी वडशाहून मानूस आनला. माया तं लग्नातबी कोनी फोटो नाई काढला."

मी म्हटलं, "तू पटात पळाली का कधी?"

"तुमच्या घरात आल्यापासून पळूनच राह्यली," ती म्हणाली.

फोटो पाठवला. संपादकाचं कार्ड आलं की पुढच्या अंकात घेतो. मी पोस्टमनची वाट पाहू लागलो. पुढचा अंक आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. मग एक छापील चिठ्ठी आली की मासिक बंद करावं लागत आहे, वाचकांनी क्षमा करावी.

पानठेल्यावर अध्यक्ष तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. मला पाहून म्हणाला, "काऊन गा भाऊ, तुमच्या बैलायनं मासिकच बंद पाडलं म्हनते."

सगळे हसले. मी घरी आलो, धुतलेला सदरा घातला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एस. टी. धरली.

आरमोरी, गडचिरोली, मूल, सगळ्या रस्त्यानं बांबूनं भरलेले ट्रक आमच्या पुढं चालले होते. कागदाच्या कारखान्यात चालले होते. बांबू आमच्या जंगलातला, आणि बाजूला बसलेला मास्तर मला सांगत होता की कागद महाग झाला म्हणून पोरांच्या वह्या परवडत नाहीत. मी त्याला म्हटलं, मग हे ट्रक कुठी जाऊन राह्यले? तो खिडकीबाहेर पाहू लागला.

पत्ता चिठ्ठीवर होता. चंद्रपुरात एका गल्लीत, दोन घरांच्या मधे बसवल्यासारखी खोली. आत पायानं चालवायचं छपाईचं मशीन आणि चष्मेवाला एक किडकिडीत माणूस. संपादक तोच, छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा तोच, तिकिटं चिकटवणारा तोच. मी नाव सांगितलं तर म्हणाला, "पांढरा आणि काळा. कोपऱ्यात बाईचा हात." मला बसायला स्टूल दिलं आणि शेजारून चहा मागवला.

मी म्हटलं, "बंद काऊन केलं?"

"मी नाई केलं भाऊ, बाजारानं केलं. ढेपवाल्यायच्या जाहिराती होत्या, त्यायचा धंदा बसला. जिनिंगवाल्याची जाहिरात होती, त्यानं कुलूप लावलं. दोन वर्स पानी नाई, लय गावायनं पट भरवले नाई, मंग मी काय छापू? माया एकट्याचंच नाई. नागपूरचं कुस्तीचं मासिक बंद पडलं, रेडिओ दुरुस्तीचं बंद पडलं, तिकिटं जमवनाऱ्यायचं होतं तेबी बंद पडलं."

"तिकिटं जमवून काय करते मानूस?"

"बैल पळवून काय करते?" तो म्हणाला.

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण चहा आला.

मी विचारलं, "तुमची जोडी कुठी बांधता?"

तो हसला. "इथी? ही गल्ली पाहा. मी आयुष्यात बैल नाई ठेवला. लहानपनी मामाच्या गावी पट पाह्यला होता, तेव्हापासून लागलं."

ढेप केव्हा बंद करायची हे मी ज्याच्याकडून शिकलो त्याच्या दारात कधी शेणाचा पो पडला नव्हता. पण मग मनात आलं, त्यानं सांगितलेलं एकही चुकलं नव्हतं. विचारून विचारून, पटापटाला फिरून त्यानं ते गोळा केलं होतं. ज्याच्या घरी बैल आहे त्याला बैल आवडणारच. याला नसताना आवडत होते.

त्यानं फडताळातून एक जस्ताचा तुकडा काढला, लाकडावर ठोकलेला. "तुमचा ब्लॉक. बनून आल्ता, अन मंग बंद पडलं. घेऊन जा, आठवन म्हनून."

मी तो उजेडात धरला आणि माझं डोकं फिरलं. पांढरा उजवीकडे होता आणि काळा डावीकडे.

"हे उलटं केलं तुमी."

"ब्लॉक उलटाच असते भाऊ. छापला का सरळ होते."

"पांढरा जन्मात उजव्या अंगाले जुंपला नाई मी. तिकडे जुंपला तं तो बसते. गावातलं पोरगंबी सांगन."

"अजी, खिळे पाहा. अक्षरंबी उलटीच असते."

"अक्षरायचं मले नको सांगू. बैलायचं सांगून राह्यलो मी."

त्यानं पुढं वाद घातला नाही. ब्लॉक मशीनवर बसवला, शाई लावली, जुन्या कॅलेंडरचं एक पान पाठकोरं लावलं आणि पाय मारला. पान माझ्या हातात दिलं. पांढरा डावीकडे, काळा उजवीकडे, कोपऱ्यात बायकोचा हात.

मी म्हटलं, "आता बरोबर केलं."

त्यानं चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होता. त्याचे खांदे हलत होते. हसला असेल तर हसला असेल. माझं म्हणणं आजही तेच आहे, मालकाच्या हातात द्यायची वस्तू आधीच सरळ करून ठेवावी.

मग तो म्हणाला, "झालं ना, छापला फोटो."

"हे मासिक नाई झालं. हे एकच पान हाय, अन ते माया हातात हाय. मासिक म्हंजे दुसऱ्याच्या घरी गेलं पाह्यजे."

"कागद आना, शंभर छापून देतो. कागदालेच तं पैसे नाई माह्यापाशी."

खोलीत दोरीवर छापलेले कागद वाळत होते. नाटकांचे, लग्नांचे, कुठल्या कुठल्या पटांचे, गुलाबी आणि पिवळे. मासिक गेल्यावर तो त्यावरच पोट भरत होता. ते पाहता पाहता मला सुचलं, आणि सुचलं तसं तोंड कडू झालं. त्या साली पाऊस बरा झाला होता, आमच्या गावचा पट भरणार होता. पटाची जाहिरात दर वेळी वडशाला छापायची. ती माझ्या जोडीच्या फोटोसकट चंद्रपूरला छापून घ्यायची तर अध्यक्षाला विचारावं लागणार.

मी कोणाला काही मागत नाही. आमच्या घरच्या लग्नात मंडप कमी पडला तर मी घरची ताडपत्री बांधली, शेजाऱ्याची मागितली नाही. गावात परत आल्यावरही काही दिवस मी त्याच्या घरावरून न जाता नाल्याच्या बाजूनं शेतात गेलो. बायकोनं ते पाहिलं. एका सकाळी कॅलेंडरचं पान माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "हे पेटीत ठेवू, का तुमी कोनाले दाखवनार हाय?"

मी गेलो. अध्यक्ष ओसरीत होता, त्याच्या डोक्यावर काचेतली त्याची जोडी.

"या भाऊ. काय म्हनते चंद्रपूर?"

"औंदाची जाहिरात तिथी छापा."

"काऊन? वडशाचं मशीन मोडलं का?"

"तो मानूस चांगला हाय. त्यानं आपल्यासाठी एवढी वर्स छापलं."

"बरं. अन?"

त्याला माहीत होतं की अजून काही आहे. मी त्याच्याकडे न पाहता काचेकडे पाहत बोललो. "त्याच्यावर जोडीचा फोटो पाह्यजे. ब्लॉक तयार हाय."

"कोनाच्या जोडीचा?"

"माया."

त्यानं खर्रा तोंडात टाकला. "तुमचा पांढरा तं औंदा पळनार नाई. जो पळनार नाई त्याचा फोटो पटाच्या कागदावर टाकाचा?"

मी उठलो. चपलेत पाय घातला.

"बसा गा. मी नाई म्हनलं का? तुमी दमच नाई धरत." तो थुंकून आला. "त्या जोडीनं मले तीनदा हरवलं. ते काय मी इसरलो? टाका फोटो. पन अध्यक्षाचं नाव त्याच्या खाली, मोठ्या अक्षरात. फोटोपेक्षा मोठं."

"फोटोपेक्षा मोठं अक्षर कुठी मिळनार?"

"त्याले म्हना लाकडाचं कोरून घे."

जाहिरात गुलाबी कागदावर छापली. वर जोडी, खाली अध्यक्षाचं नाव, आणि अक्षर खरंच एवढं जाड की पटाची तारीख शोधावी लागे. आणि अगदी तळाशी, मुंगीसारख्या खिळ्यांत, संपादकानं स्वतःच्या मनानं एक ओळ टाकली होती. मासिकाचं नाव, आणि पुढं 'अखेरचा अंक'. उरलेली पोस्टाची तिकिटं लावून त्यानं ती जाहिरात जुन्या वर्गणीदारांना पाठवून दिली. राजुऱ्याकडे गेली, सिरोंच्याच्या रस्त्याला गेली. मलाही आली. बांधावरून पोस्टमन ओरडला, "भाऊ, तुमचे बैल आले," आणि यावेळी ते खरंच माझे होते.

पट झाला. पांढऱ्याला झूल घालून बाजूला बांधला होता. माणसं हातातला कागद आणि बैल आलटून पालटून पाहत होती. अध्यक्षाची जोडी पहिली आली. त्याबद्दल मला इथं काही लिहायचं नाही.

नंतर त्याच्या घरी नातवाच्या बारशाला मी आणि बायको गेलो. ओसरीत काचेतलं पान होतंच. त्याच्या शेजारी भिंतीवर भाताच्या खळीनं तो गुलाबी कागद चिकटवलेला होता. काच नाही, चौकट नाही, एक कोपरा सुटलेला. अध्यक्ष आणि मी जणू त्या भिंतीवर पाल बसली आहे असं दुसरीकडे पाहत होतो.

बायको मात्र सरळ भिंतीपाशी गेली. सुटलेला कोपरा अंगठ्यानं दाबून बसवला आणि घरच्या बाईला म्हणाली, "हा पाहा वं, हा हात माया हाय."