उजव्या हाताची नखं

"हात दाखव," सर सगळ्यांसमोर म्हणाले.

मी दोन्ही हात पुढे केले. दसरा नुकताच झाला होता. झेंडू तोडून तोडून बोटं हिरवी-काळी पडली होती. क्लासला येण्याआधी लिंबू चोळलं होतं, रॉकेल लावलं होतं. डाग हलला नव्हता. वर रॉकेलचा वास.

सर हसले. मग मुलंही हसली.

"जा, मागच्या नळावर धुऊन ये. गिटार आहे ही, फुलांची पाटी नाही."

मी गेले. धुतले. काय करणार? मागच्याच दाराने आत आले. माझ्या चपला तिथंच असायच्या, स्वयंपाकघरापाशी. बाकीच्यांच्या पुढच्या व्हरांड्यात. तसं मला कुणी सांगितलेलं नव्हतं. लहानपणी आण्णांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, पूजेची फुलं द्यायला मी त्या दाराशी यायचे. गंगापूर रोडच्या सरांच्या त्या बंगल्यात गिटार पहिल्यांदा ऐकली तीही फुलांची पुडी हातात धरून, तिथंच उभी राहून. शिकायला लागल्यावरही दार बदललं नाही, याची आज चीड येते.

आमचा मळा मखमलाबादला. झेंडू, शेवंती, कडेला कोथिंबीर. गिटार म्हणजे सिनेमातल्या हिरोच्या गळ्यातली, एवढंच घरी माहीत. ही वेगळी होती. पाश्चात्त्य शास्त्रीय. नखांनी वाजवायची. उजव्या हाताची नखं वाढवायची, बारीक पॉलिश पेपरने घासायची. डाव्या हाताची मुळाशी कापायची. मळ्यातल्या पोरीने नखं वाढवायची म्हणजे गावभर थट्टा.

"आल्या राणीसाहेब! हात लावू नका हां कशाला," आई म्हणायची. म्हणायची आणि स्वतःच भांडी घासायला बसायची. मी डाव्या हाताने फुलं तोडायला शिकले. अख्ख्या घराने माझ्या उजव्या हाताला सुट्टी दिली होती.

क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठरला. गोव्याहून एक मोठे वादक पाहुणे येणार होते. ज्याचं वादन आवडेल त्याला ते आपल्याकडे शिकायला नेणार होते. शेवटचं वादन सरांनी मला दिलं होतं. मला जायचंच होतं. वर्षभर एकच रचना घासत होते, झोपेतही बोटं हलायची.

सरांनी आण्णांना फुलं आणायला सांगितलं. आण्णा खूश.

"गुरूचं काम हाय. लय भारी फुलं देऊ," म्हणाले.

सकाळी टेम्पो भरून फुलं घेऊन आम्ही हॉलवर गेलो. बाकीची मुलं आत तालमीला बसली. माझ्या हातात सरांनी तारेचं भेंडोळं दिलं.

"तोरणं तुलाच जमतील. तुमच्या रक्तातच आहे ते."

"सर, नखं तुटतील."

"एका तोरणाने काही होत नाही."

एकाचं अख्खं स्टेज झालं. बांधता बांधता तार सुटली, उलटली आणि उजव्या अनामिकेचं नख मुळापासून घेऊन गेली. रक्त आलं.

सरांनी बोट बघितलं. "अरेरे. आता तुझं राहू दे. शेवटचं मेधा वाजवेल. तू पाहुण्यांना गुच्छ दे. छान साडी नेसली आहेस."

मेधा सरांची भाची. तिची नखं शाबूत होती. असणारच ना!

संध्याकाळी दीपप्रज्वलन झालं. सत्कार सुरू झाला. मी गुच्छ घेऊन स्टेजवर गेले. सर माईकवर पाहुण्यांना म्हणाले, "आणि ही आमच्या फुलवाल्याची मुलगी."

सहा वर्षं शिकत होते मी त्यांच्याकडे.

मागे खुर्च्या रिकाम्या होत्या, तरी आण्णा दाराशी उभे होते. आपलं नाव निघालं म्हणून त्यांनी तिथूनच हात जोडले. ते जोडलेले हात बघितले आणि माझं डोकं फिरलं.

मी गुच्छ टेबलावर ठेवला. माईकसमोर उभी राहिले.

"मी फुलवाल्याची मुलगी आहे. सरांची विद्यार्थिनीही आहे. आज माझं वादन ठरलं होतं. ते मी आत्ता वाजवते."

"खाली उतर," सर दातओठ खात म्हणाले.

नाही उतरले. बाजूला ठेवलेली गिटार आणली आणि बसले. नख नसलेल्या बोटाचा सूर बसका येत होता. प्रत्येक वेळी तार मांसात घुसायची. चुकले. बऱ्याच ठिकाणी चुकले. पण शेवटपर्यंत वाजवलं.

पाहुण्यांनी मेधाला निवडलं. दुसऱ्या दिवशी सरांचा निरोप आला, क्लासला यायचं नाही.

कार्यक्रमाच्या रात्री परतताना टेम्पोत आण्णा म्हणाले, "आपली पायरी सोडू नाय, पोरी."

"आण्णा, ती पायरी कुणी ठरवली?"

त्या बंगल्यावर फुलं देणं त्यांनी थांबवलं नाही. त्यावरून आमची कितीदा तरी भांडणं झाली. मला ते अजून बोचतं.

नख परत आलं, वाकडं. कॅसेटी लावून लावून पुढचं मी एकटीने शिकले. आता कार्यक्रमाला बोलावणं आलं की आधीच सांगते, माझी ओळख मी करून देईन. सत्कार नको. गुच्छ द्यायला पोरी उभ्या करायच्या नाहीत. काहींना हे उर्मटपणाचं वाटतं. वाटू दे.

दसऱ्याला आजही झेंडू तोडते. लिंबू चोळत नाही, रॉकेल लावत नाही. तशीच कार्यक्रमाला पुढच्या दाराने आत जाते. हात दाखव म्हणणाऱ्याला दोन्ही हात दाखवीन आणि त्याच हातांनी, त्याच्यासमोर बसून, वाजवीन. ऐकवत नसेल तर त्याने उठून जावं. मी उठणार नाही.