जुन्यातला एक मग

धाकटीने पन्नाशी ओलांडली होती, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. कारण थोरला होता, दादा. आता तो नव्हता, पण नाव बदलायचं कुणाला सुचलं नाही.

दोघांचा बिअरचा कारखाना म्हणजे घरामागची लांबट शेड, एक मोठी तांब्याची कढई, चार टाक्या आणि भिंतीलगत लाकडी पिंपं. वर्षभर पिवळी, हलकी बिअर व्हायची. ती पोटासाठी. थंडी पडली की काळी. ती वडिलांसाठी, असं दादा म्हणायचा. वडील कधीचेच गेले होते, पण त्यांच्या नावावर दादा बरंच काही खपवायचा. काळी दिसायला काळीकुट्ट आणि अंगाने भलतीच जोरकस. पहिला घोट करपलेल्या पावाच्या कडेसारखा कडू, मागून मनुकांचा गोडवा, आणि घशाखाली उतरली की छातीत ऊब. घाई करणाऱ्याला ती दुसऱ्या मगातच आडवं करायची. "हिच्याशी दमानं घ्यायचं," असं दादा गिऱ्हाइकांना बजावायचा आणि स्वतः तिसरा मग भरायचा.

बार्ली भाजायचं काम धाकटीचं, चव बघायचं दादाचं. आणि वडिलांपासूनची एक रीत दोघांची. काळीचं एक छोटं पिंप विकायचं नाही. पुढच्या थंडीत नवी उकळत असताना त्या जुन्यातला एक मग तिच्यात ओतायचा. वडिलांच्या हातचं काहीतरी असं दर वर्षी पुढे जातं, एवढाच त्यामागचा हिशेब. मग ओतला की धाकटी विचारायची, "झाली का रे?" दादा पळीभर घेऊन फुंकर मारत चाखायचा आणि दर वर्षी तेच म्हणायचा, "तुझ्याएवढी कडू नाही झाली अजून."

दादा झोपेतच गेला. धाकटीला रडू आलं नाही. भेटायला येणाऱ्यांसमोर ती खुर्चीत बसून राहिली, विचारलं तेवढ्याला हो-नाही म्हणत राहिली. बाई खंबीर आहे, असं लोक जाताना म्हणाले. खंबीर कसली? आत काही हलतच नव्हतं. जेवणाला चव नव्हती. भाजलेल्या बार्लीचा खमंग वासही येईना, म्हणून यंदा तिने नुसता रंग बघून भट्टी बंद केली.

काळी उकळायच्या दिवशी ती मग घेऊन कोपऱ्यातल्या छोट्या पिंपाकडे गेली. नळ फिरवला. काही आलं नाही. पिंप हलवून पाहिलं तर ते हलकं फूल.

"वहिनी, हे कुणी रिकामं केलं?"

"मीच," वहिनी दारातून म्हणाली. बिअरचा वास तिला सोसत नसे, ती कधी आत पाऊल टाकायची नाही. "एवढी माणसं आली, त्यांना काय नुसतं पाणी द्यायचं? तुम्ही तर खुर्चीतून उठत नव्हता. म्हटलं, मोठी पिंपं विकायला राहू देत, हे छोटं संपवू."

रीत वहिनीला कुणी सांगितलीच नव्हती. सांगायची वेळ कधी आली नव्हती. आपण आता चिडायला हवं, असं धाकटीला वाटलं.

"बरं," ती म्हणाली आणि कढई ढवळायला लागली.

त्या "बरं"नेच वहिनी घाबरली. "काय झालं ते सांगा तरी, वन्सं."

धाकटीने सांगितलं, बाजाराची यादी सांगावी तसं. वहिनी ऐकून घरात गेली. परतली तेव्हा तिच्या हातात बशी झाकलेला मग होता. नाकाला पदर न लावता ती थेट कढईपाशी आली.

"हे गेले त्याच्या आदल्या संध्याकाळचा आहे. त्याच पिंपातला. खिडकीत बसून अर्धा प्यायले, उरलेला उद्या बघू म्हणाले. दोनदा मोरीत नेला मी. धुववेना." तिने बशी काढली. फेस कधीच मेला होता, वर पातळ साय धरली होती. "आंबली असेल. चालेल?"

"उकळत्यात चालतं."

धाकटीने हात पुढे केला. वहिनीने मग सोडला नाही.

"ओतला की संपलं, नाही का?"

"हो."

कढई बुडबुडत होती. वहिनीने मग तिच्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. धाकटीने तो ओतला, शेवटचा थेंब गळेपर्यंत उपडा धरला. मग सवयीने पळी भरली, मागे, दादा उभा राहायचा तिकडे धरली आणि म्हणाली, "झाली का रे?"

पळी तशीच राहिली. थोड्या वेळाने वहिनीने ती घेतली, तोंड वाकडं करत जिभेला लावली.

"मला काय कळतंय त्यातलं," ती हळूच म्हणाली. "कडू आहे."

धाकटी बार्लीच्या पोत्यावर बसली. मग तिला रडू आलं, आवाज करून, लहान पोरीसारखं. कढई तळाला लागू नये म्हणून वहिनीने कढईतला ढवळणा हातात घेतला आणि जमेल तसं ढवळत राहिली.