आई असलेली अनाथ

वडील गेल्यावर आईने मला पवनीच्या बाजूच्या एका मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. मी तेव्हा आठ वर्षांची होते. रोवणीला, कापणीला तिला गावोगाव मजुरीसाठी जावं लागे, मला घरी एकटी कशी ठेवणार? वसतिगृह देणग्यांवर चालायचं. वरण पातळ असे, पण दोन्ही वेळा मिळे.

दर रविवारी आई यायची. ओच्यात उकडलेले शिंगाडे असायचे. व्हरांड्याच्या पायरीवर बसून ती माझे केस विंचरी आणि तेल लावून अशी घट्ट वेणी घाली की डोळे ताणले जात.

एका सोमवारी भंडाऱ्याहून फोटोग्राफर आला. संस्थेच्या सचिवांना आम्ही गुरुजी म्हणायचो. माणूस प्रेमळ होता. मला गोवर आला तेव्हा सायकलवर बसवून त्यांनीच दवाखान्यात नेलं होतं. ते म्हणाले, "बेटा, वेणी सोड. आणि हा चांगला फ्रॉक काढून ठेव." मला एक फाटका फ्रॉक घालायला दिला. मी हसले तर फोटोग्राफर म्हणाला, हसायचं नाही.

पुढे देणग्यांसाठी माझ्या त्या फोटोचं पत्रक छापून गावोगाव गेलं. अड्याळच्या बाजारात एका कापड दुकानाच्या भिंतीवर आईने माझा फोटो पाहिला. वाचता येत नव्हतं, म्हणून तिने दुकानदाराला विचारलं. त्याने वाचून दाखवलं: या चिमुकलीला जगात कोणी नाही.

त्या रविवारी ती माझ्याकडे न येता आधी गुरुजींसमोर जाऊन उभी राहिली. मी दाराशी होते.

"गुरुजी, मी जित्ती आहो ना. मंग असं काहून लिवलं?"

गुरुजी म्हणाले, "बाई, आई आहे असं लिहिलं तर लोकांचा हात खिशात जात नाही. इथल्या सगळ्या पोरींचं पोट त्यावर आहे."

त्या दिवशी तिने वेणी घातली, पण हात सैल होता.

थोड्या दिवसांनी नागपूरहून देणगीदार आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी मला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तुला आई आठवते का गं?"

मी म्हणाले, "हो. ती रोवणीला गेली आहे."

गुरुजी घाईने म्हणाले, "लहान आहे. तिला अजून समजत नाही." बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या मला कुरवाळत राहिल्या. ते रडणं कशासाठी आहे, मला कळेना.

त्यानंतर आईचं रविवारी येणं थांबलं. गुरुजींनी तिला नको म्हटलं नव्हतं. सुट्टीत न्यायला आली तेव्हा मी रुसून विचारलं, तर म्हणाली, "कोनी पाह्यलं तं? माह्यापायी बाकीच्या पोरीइचं जेवन बंद नोको व्हायले." मग वर्षातून दोनदाच आम्ही भेटत गेलो.

मी मॅट्रिकला असताना तिला कावीळ झाली. शेवटचं पाहायला मला घेऊन ये म्हणून गावातल्या एका काकांना तिने पाठवलं. फाटकावर नवीन चौकीदार होता. काकांनी माझं नाव सांगितलं, आई सिरिअस आहे म्हणाले. चौकीदाराने ऑफिसातल्या भिंतीवरचं माझ्या नावाचं जुनं पत्रक पाहिलेलं. "त्या पोरीले आई नाही," असं म्हणून त्याने त्यांना परत पाठवलं. काका दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि थेट गुरुजींना भेटले. मी गावी पोचले तेव्हा नदीवरून माणसं परतत होती.

तेराव्याला गुरुजी सायकलने आले. मांडवाच्या कडेला बसले आणि जेवले नाहीत. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवायला गेले, पण मध्येच तो मागे घेतला. मला त्यांचा राग करता आला नाही, अजूनही येत नाही. त्यांच्याच वरणावर मी वाढले.

शिकून मी एका धर्मादाय दवाखान्यात लागले. देणग्या गोळा करणं माझ्याकडे आलं. ज्याचा फोटो घ्यायचा त्याला मी आधी विचारायचे आणि जे लिहिलंय ते त्याला वाचून दाखवायचे. एका क्षयरोगी बाईने ऐकून मान हलवली, "नाही, माहा फोटो नोको." तिचं पत्रक निघालं नाही. त्या साली देणग्या कमी आल्या आणि बायकांच्या वॉर्डातली एक खोली बंद करावी लागली. कुलूप मीच लावलं. त्या खोलीत ज्यांना जागा मिळाली असती, त्या बायका कुठे गेल्या असतील, हे अजून मनातून जात नाही.