ते ढग नव्हते

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कधी जमलं नाही. शिकले चौथीपर्यंतच, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. हे गेले त्याला सात आठवडे झाले. मुलगा हॉस्पिटलमधून एकटाच आला आणि बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला, तेव्हाच मला कळलं...

पंच्याण्णव साली आम्ही अमेरिकेत बेलव्ह्यूला मुलाकडे राहायला आलो. गावी हे साखर कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन होते. मनगटावर घड्याळ असून वेळ आभाळावरून सांगायचे. उत्तरेला सप्तर्षीतल्या चार चांदण्यांचं म्हातारीचं खाटलं, आणि ते पळवून नेणाऱ्या पुढच्या तीन चांदण्या म्हणजे तीन चोर. खाटलं कलंडलं की ह्यांची पाळी संपायची. इथे मात्र पार्किंगच्या दिव्यांनी आभाळ रात्रभर नारिंगी, नाहीतर ढग. बाल्कनीत उभे राहून म्हणायचे, "नेलंच गं चोरांनी शेवटी."

डॉक्टरांनी लिव्हरचं सांगितल्यावर ह्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मुलाकडे काही मागितलं. म्हणाले, एकदा अंधारात घेऊन चल. दिवसही ह्यांनीच कॅलेंडरमध्ये बघून काढला. सून म्हणाली, "बाबा, अमावास्येला कुठे निघालात?"

"मग काय, चंद्र बघायला जायचंय?"

उताणं पडून बघता यावं म्हणून गावाहून आणलेली चटई ह्यांनी स्वतः गुंडाळली, सुतळीने बांधली आणि गाडीच्या डिकीत ठेवली.

मुलाचं ऑफिस सुटल्यावर आम्ही तिघं निघालो. डोंगर ओलांडून तीन तास. औषधाने ह्यांना मागच्या सीटवर गाढ झोप लागली होती. मुलाने गाडी थांबवली, दिवे बंद केले, उतरून वर पाहिलं.

"आई, क्लाउडी आहे गं. बघ ना, मधोमध केवढा पट्टा आलाय. अजून पसरेल. बाबांना उठवू नकोस, उगीच वाईट वाटेल त्यांना. पुढच्या महिन्यात परत येऊ."

मी काच खाली करून पाहिलं. ते ढग नव्हते. अंगणात निजताना लहानपणी रोज दिसायची ती आकाशगंगा होती. मुलगा लहानपणापासून मुंबईत मामाकडे शिकला, त्याने ती कधी पाहिलीच नव्हती. माझ्या ओठांवर आलं होतं... पण तो इंजिनियर. वाटलं, इथले ढग असेच असतील. सकाळी त्याला परत ऑफिस होतं. मी काच वर केली. गाडी वळली.

वाटेत पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा उजेडाने ह्यांना जाग आली. "आलं का गं?"

"ढग होते," मी म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि पुन्हा डोळे मिटले.

पुढच्या अमावास्येला हे हॉस्पिटलात होते. रक्त घ्यायला तिघीजणी आल्या की माझ्याकडे बघून म्हणायचे, "आले बघ तीन चोर." मी हसायचे. खरं सांगायला तेव्हाही पुष्कळ वेळ होता.

परवा मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, बोलली का नाहीस गं?"

चटई डिकीतच आहे. त्याने काढली नाही, मीही मागितली नाही. शनिवारी वाणसामान आणतो तेव्हा पिशव्या तिला लागणार नाहीत अशा बाजूने लावतो. काल मी सुतळीला हात लावून पाहिला. गाठ ह्यांच्या हातची आहे... ओढली की आणखी आवळते.