हॅम्बुर्गकर

बर्गर कसा खायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण ते लोकांना शिकवायची नोकरी मात्र मला लागली. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी नुकती बी.ए. झाले होते, आणि बनारसात लंकेवर, म्हणजे विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या बाजारात, एक नवं दुकान उघडलं होतं. लाल-पिवळ्या भिंती, उंच काउंटर, बसायला काहीच नाही. मालक बनारसीच, पण जहाजाच्या स्वयंपाकघरात काही वर्षं काढून आलेला. त्याला काउंटरवर 'पढ़ी-लिखी लड़की' हवी होती आणि मला घरी बसून स्थळांची वाट बघायची नव्हती. आमचं जमलं.

पहिल्याच दिवशी त्याने मला एक कागदी टोपी दिली आणि आवाज खाली आणून सांगितलं, "देखो बिटिया, बाहर के मुलुक में इसमें गाय का गोश्त पड़ता है. यहाँ आलू है, मटर है, चुकंदर है. पहली बात किसी को बताना नहीं. दूसरी बात सबको बताना."

दुसरी गोष्ट, म्हणजे बटाटा, मटार आणि बीट, मी दिवसातून शंभरदा सांगायची. पहिली गिळून टाकली.

दुकानावरची पाटी अरुंद होती. रंगाऱ्याने वरच्या ओळीत 'हॅम' आणि खालच्या ओळीत 'बर्गर' लिहून हात झटकले होते. रिक्षावाले ते 'हम बर्गर', म्हणजे 'मी बर्गर', असं वाचायचे. एक जण रोज काउंटरशी येऊन विचारायचा, "हम त हई, बर्गर कहाँ हौ?" आणि स्वतःच हसत निघून जायचा. त्याने बर्गर कधीच घेतला नाही.

माझा स्वभाव आधीच भोचक. त्यात समोर सगळं शहर एक नवीन पदार्थ हातात धरून विचारात पडलेलं. मालकाचा नियम कडक होता: प्लेट नाही, चमचा नाही, कापून मिळणार नाही. आता आमच्याकडे चौघांत एक वस्तू घेतली तर मोडून वाटून खायची रीत. हा तर मोडायला गेलं की आतलं सगळं बाहेर. आणि चावा घेतला की उष्टा, मग दुसऱ्याला द्यायचा कसा? विद्यार्थ्यांना त्याचं काही नव्हतं, पण कुटुंबं यायची ती अगदी कोड्यात पडायची. एक मास्तर बर्गर पुस्तकासारखा उघडत आणि एकेक थर वेगळा खात, शेवटी वरचा पाव चहात बुडवून. नवीन लग्न झालेली जोडपी एकमेकांसमोर तोंड एवढं उघडायला लाजायची. एक जण खात असताना दुसरं रस्त्याकडे बघायचं. एका म्हातारीने आतली आलूची टिकिया तेवढी खाल्ली आणि दोन्ही पाव पदरात बांधले. मी विचारलं तर म्हणाली, "गइया के खियाइब." पाव ती गाईला घालणार होती. मी टोपी सारखी करत दुसरीकडे बघितलं.

घरी मी यातलं काय सांगितलं होतं? 'पाव-टिकियांचं दुकान', एवढंच. ते खोटं नव्हतं.

आमचं घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते संस्कृत व्याकरण शिकवायचे. पाठशाळेत सकाळी आणि घरी दुपारी. त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका, महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांचे विधी मणिकर्णिकेवर करायचे. विधी झाले की यजमानांना शहर दाखवायचं कामही तेच करत. एका दुपारी अशाच एका कुटुंबाला विद्यापीठातलं देऊळ दाखवून परत येताना त्यांचा टेंपो आमच्या दुकानासमोर थांबला. यजमानांची मुलगी इंग्रजी शाळेतली. तिने पाटी वाचली आणि काकांना विचारलं, "गुरुजी, हॅम म्हणजे डुकराचं मांस ना?"

काकांनी आत बघितलं. आत मी, टोपीसकट.

संध्याकाळी घरात जे काही झालं ते मी विसरणं शक्य नाही. काका पाय न धुताच आत आले. "दादा, पोरगी डुकराच्या दुकानात उभी आहे! यजमानांसमोर माझी इज्जत गेली."

"आत आलू आहे हो काका," मी म्हणाले. "आलू, मटर, चुकंदर. कुणालाही विचारा."

"आलू आहे तर नाव डुकराचं का?"

खरं सांगायचं तर असा प्रश्न मला स्वतःला कसा पडला नाही याचाच मला राग आला. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा रागावले नव्हते, ते विचारात पडले होते, आणि ते जास्त वाईट होतं.

"प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "नाव उगीच पडत नाही. शब्दाचा निकाल लागेपर्यंत तू जाऊ नकोस."

चार दिवस मी घरी बसले. दोनदा रडले. काकूंनी तेवढ्यात ग्वाल्हेरचं एक स्थळ काढलं, मुलगा बँकेत, पत्रिका जुळते. मला कळून चुकलं की आता गेले नाही तर परत कधीच जाणार नाही. माझं सगळं पुढचं आयुष्य एका शब्दाच्या पोटात काय आहे यावर अडून बसलं होतं. आणि त्यातही माझा भोचकपणा सुटत नव्हता. मास्तरांनी आज पाव चहात बुडवला असेल का, हे मला तिथे स्वयंपाकघरात बसून सतावत होतं.

पाचव्या दिवशी गुरुवार होता. गुरुवारी अण्णांकडे एक जर्मन विद्यार्थी व्याकरण शिकायला यायचा. उंच, हडकुळा, चटईवर मांडी घालताना गुडघे मावायचे नाहीत. त्याची कपबशी आमच्या स्वयंपाकघरात वेगळ्या कोनाड्यात असायची. तो हिंदी बोलायचा ती पुस्तकातली. काकाही मुद्दाम येऊन बसले होते. मी आत चहाचं आधण ठेवलं आणि दाराशी कान लावला.

अण्णांनी पोथी उघडायच्या आधी कागदावर तो शब्द लिहिला आणि विचारलं, "इसका विग्रह कैसे करोगे?"

विद्यार्थी हसला. "गुरुजी, इसमें हैम पृथक नहीं है. हैम्बुर्ग हमारे देश का एक नगर है. जो वहाँ का, वह हैम्बुर्गर."

बाहेर अण्णांनी चटईवर थाप मारली. शिष्याने अवघड रूप अचूक सांगितलं की ते अशी मारत.

"अरे, हा तर प्रत्यय आहे!" ते काकांना मराठीत म्हणाले. "त्या गावचा तो. आपला 'कर' लागतो तसा. हा हॅम्बुर्गकर!"

"पण डुक्कर..."

"डुक्कर तुझ्या विग्रहात आहे, शब्दात नाही. तू चुकीच्या ठिकाणी तोडलास." मग म्हणाले, "आपल्यासारखाच की. गाव कुठलं, राहतो कुठे, आणि आत आलू बनारसचा."

आमच्याही आडनावात कोकणातलं एक गाव आहे. पाच पिढ्यांत तिथे कुणी गेलेलं नाही. मी आत चूल सोडून नाचायचीच बाकी राहिले होते, तेवढ्यात विद्यार्थ्याचा सरळ, प्रामाणिक आवाज आला.

"परंतु गुरुजी, वहाँ इसके भीतर जो वस्तु होती है..."

आधण अजून उकळलंही नव्हतं. मी त्यात दूध-साखर ओतली, गाळलं आणि ट्रे घेऊन धावतच बाहेर गेले. "चहा!" इतक्या मोठ्याने म्हणाले की काका दचकले. त्या विद्यार्थ्याने कप घेतला, आभार मानले, आणि त्याचं वाक्य तिथेच राहिलं. अण्णांनी आपला कप संपवला आणि पोथी उघडली.

माझ्या जाण्यावर त्यांनी एकच अट घातली: मालकाला सांगून शब्द जोडून लिहून घ्यायचा. मालकाने डोक्याला हात लावला, पण लिहून घेतला. अक्षरं इतकी बारीक झाली की रस्त्यावरून वाचताच येईनात. रिक्षावाल्याचा विनोदही गेला. तो माझ्यावर पुष्कळ दिवस नाराज होता.

महिन्याभराने अण्णा स्वतः दुकानात आले. ते बाहेरचं खात नसत. काउंटरपाशी उभे राहून त्यांनी पाव कशाने फुगतो, चुकंदर कशाला घालतात, मास्तर थर वेगळे का करतात, सगळं सगळं विचारलं. माझा भोचकपणा कुठून आलाय हे मालकाला त्या दिवशी कळलं. मी अडीच वर्षं तिथे काम केलं. मग दुकान बंद पडलं, तिथे फोटोकॉपीची यंत्रं आली, आणि मी एका शाळेत शिकवायला लागले. स्थळ ग्वाल्हेरचं नव्हे, माझ्या पसंतीचं केलं, आणि तेही सावकाश.

पुढे एकदा माहेरी गेले असताना मी अण्णांना चहा करून दिला. तेव्हा ते खूप थकले होते. घोट घेऊन म्हणाले, "हा चांगला उकळलाय. त्या गुरुवारचा अगदी कच्चा होता."

मला आधी कळेना कुठला गुरुवार. कळलं तेव्हा कानशिलं तापली. अण्णांना चहा जरा फिका लागला तरी कप परत आत येत असे, आणि त्या दिवशीचा त्यांनी तळापर्यंत संपवला होता.

"मग तेव्हा काही विचारलं का नाहीत?" मी म्हणाले.

"विचारलं असतं," अण्णा म्हणाले, "तर त्याने सांगितलं असतं."